चष्मा, कवळी आणि एक राजीनामा

रुग्णाला लागणाऱ्या चष्म्याची आणि कवळीची निम्मी किंमत त्याच्याकडून वसूल करावी की नाही, एवढ्या प्रश्नावर एखाद्या ज्येष्ठ मंत्र्याने पद सोडावे, असे राजकारणात सहसा घडत नाही. एप्रिल १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये ते घडले. पद सोडणारे मंत्री होते अन्यूरिन बेव्हन. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे ते शिल्पकार. अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी अंदाजपत्रकात सुचवलेल्या या आकारणीतून त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे १ कोटी ३० लाख पौंड पडायचे होते. कोरियातील युद्धामुळे त्याच सरकारने तीन वर्षांत शस्त्रसज्जतेवर ४७० कोटी पौंड खर्च करण्याचे ठरवले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे आकारणीची रक्कम किती किरकोळ होती ते ध्यानात येते. साहजिकच बेव्हन हटवादी आहेत, पक्षापेक्षा स्वतःला मोठे मानतात, अशी टीका स्वपक्षीयांकडूनही त्यांच्यावर झाली. एका कवळीपायी सरकार अडचणीत आणणारा मंत्री म्हणून त्यांची टवाळीही झाली.

या घटनेला सत्तर वर्षे उलटून गेली आहेत. तथापि तिचे महत्त्व कमी झालेले नाही. किंबहुना ते वाढले आहे. सार्वजनिक आरोग्य सेवा सरकारने चालवावी की ती खासगी हातांत सोपवावी, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. या वादातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सर्वांसाठी असलेली आरोग्य सेवा मोडून टाकू, असे सांगून कोणी मते मागत नाही. एखादी लहानशी फी, साफसफाईचे एखादे कंत्राट, एखाद्या इमारतीसाठी खासगी भांडवल, अशा किरकोळ आणि वरकरणी व्यवहार्य वाटणाऱ्या वाटांनीच तिला तडा जात असतो. बेव्हन यांनी अशाच एका किरकोळ ठिकाणी पाय रोवला होता. तो हट्ट होता की दूरदृष्टी होती, हे ठरवायचे तर त्यांच्या आयुष्याकडे पाहावयास हवे.

साउथ वेल्समधील ट्रेडेगर या कोळशाच्या खाणींच्या गावी १५ नोव्हेंबर १८९७ रोजी बेव्हन यांचा जन्म झाला. वडील डेव्हिड खाणीत कामाला होते, आई फीबी शिवणकाम जाणणारी. या दांपत्याला दहा अपत्ये झाली. त्यांतली काही लहानपणीच दगावली. कामगारवस्तीत तेव्हा ही गोष्ट नवलाची नव्हती. अन्यूरिन शाळेत हुशार म्हणून गाजले नाहीत. त्यातच बोलताना ते अडखळत. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि त्यांनी खाणीची वाट धरली. त्यांचे खरे शिक्षण झाले ते गावच्या कामगार संस्थेच्या ग्रंथालयात. खाण कामगारांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या त्या ग्रंथालयात या मुलाने इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र यांचा फडशा पाडला. जो शब्द जिभेवर अडे त्याला पर्यायी शब्द शोधण्याची सवय त्यांनी लावून घेतली. पुढे चर्चिल यांच्यासारख्या वक्त्यालाही तोडीस तोड उत्तर देणारा संसदपटू म्हणून ज्याची ख्याती झाली, त्याच्या शब्दसंपत्तीचे मूळ या व्यंगाशी झुंज देण्यात होते.

ट्रेडेगरमध्ये आणखी एक संस्था होती आणि बेव्हन यांच्या पुढील कार्याचे बीज तिच्यात सापडते. खाण कामगारांनी आणि पोलाद कामगारांनी मिळून चालवलेले ते वैद्यकीय साहाय्य मंडळ. सभासद कामगाराच्या वेतनातून पौंडामागे तीन पेन्स कापले जात. त्या काळी पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे वर्गणी शेकडा सव्वा इतकीच होती. तेवढ्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ, दंतवैद्य, औषधे आणि घरी येणारी परिचारिका यांची सोय मिळे. ज्याचे वेतन जास्त त्याची वर्गणी जास्त. पण ज्याचे आजारपण जास्त त्याला जास्त भुर्दंड, असा हिशेब तेथे नव्हता. गावाच्या २४ हजार लोकवस्तीपैकी सुमारे २२,८०० लोक पुढे या मंडळाच्या छत्राखाली आले. कादंबरीकार ए. जे. क्रोनिन हे १९२०च्या दशकाच्या आरंभी याच मंडळाचे डॉक्टर होते आणि त्यांच्या ‘द सिटाडेल’ या १९३७ सालच्या कादंबरीत त्या अनुभवाचे प्रतिबिंब पडले आहे. मंडळ निर्दोष नव्हते. डॉक्टर आणि कामगारांची समिती यांच्यात खटके उडत. परंतु आजारपणाचा खर्च सर्वांनी मिळून, ऐपतीप्रमाणे आणि आजार येण्याच्या आधीच उचलायचा, हे तत्त्व व्यवहारात उतरू शकते, याचा पुरावा बेव्हन यांना ग्रंथांत शोधावा लागला नाही. तो त्यांच्या गल्लीत होता.

१९१९ साली खाण कामगार संघाच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकावयास गेले. दोन वर्षांनी परतले तेव्हा खाणमालकांना असा मनुष्य कामावर नको होता. बेकारीचे दिवस त्यांनी अनुभवले. १९२२ साली गावच्या नगर परिषदेवर ते निवडून आले. १९२५ साली वडिलांनी मुलाच्या हातांतच प्राण सोडला. आयुष्यभर कोळशाची धूळ फुप्फुसात साठत गेल्याने जडलेला रोग त्यांच्या मृत्यूचे कारण होता. खाणीने एका माणसाचे आयुष्य वापरून घेतले आणि त्याच्या रोगाची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. बेव्हन यांच्या भाषणांतील धार ज्यांना कडवटपणा वाटे, त्यांना या मृत्यूची कल्पना नसावी. पुढे गावच्या रुग्णालयाच्या समितीवर त्यांनी काम केले आणि रुग्णालय कसे चालते, पैसा कोठून येतो आणि कोठे अडतो, याची माहिती करून घेतली.

१९२९ साली एबू व्हेल मतदारसंघातून ते पार्लमेंटवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, तेथूनच निवडून येत राहिले. १९३४ साली जेनी ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याही खाण कामगाराच्या कन्या आणि स्वतंत्र कर्तृत्वाच्या खासदार होत्या. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या स्थापनेचे श्रेय पुढे मंत्री या नात्याने त्यांच्याकडेच जाते. मंदीच्या त्या दशकात बेकारांना मदत देण्यापूर्वी घरातील प्रत्येकाच्या कमाईची चौकशी करण्याचा नियम होता. बहिणीची मजुरी, म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन, सारे मोजले जाई. या चौकशीविरुद्ध बेव्हन पार्लमेंटमध्ये सतत लढले. गरजवंताला आपले दारिद्र्य अधिकाऱ्यापुढे सिद्ध करावयास लावणारी मदत माणसाला जगवते, पण त्याचा मान घेते, हे त्यांनी खाणीच्या खोऱ्यांत पाहिले होते. पक्षाच्या शिस्तीशी त्यांचे कधीच जमले नाही. फॅसिझमविरुद्ध सर्व डाव्यांची आघाडी व्हावी असा आग्रह धरल्याबद्दल १९३९ साली मजूर पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांच्याबरोबर काढले गेलेले स्टॅफर्ड क्रिप्स हे तीन वर्षांनी भारतात आलेल्या क्रिप्स शिष्टाईमुळे आपल्या परिचयाचे आहेत. वर्षअखेरीस बेव्हन पक्षात परतले, परंतु महायुद्धाच्या काळात चर्चिल यांच्यावर उघड टीका करण्याचे त्यांनी सोडले नाही.

ब्रिटनमधील वैद्यकीय सेवेची त्या वेळची स्थिती काय होती? लॉइड जॉर्ज यांच्या १९११च्या विमा कायद्याने कमी वेतनाच्या कामगाराला डॉक्टर मिळाला होता. पण त्याच्या बायकोला आणि मुलांना तो मिळाला नव्हता आणि रुग्णालयातील उपचारही त्या विम्यात बसत नव्हते. निम्म्याहून अधिक लोकसंख्या या योजनेच्या बाहेर होती. कामगारांच्या घरांतील स्त्रिया दुखणी अंगावर काढीत, कारण डॉक्टरची फी म्हणजे आठवड्याच्या किराणा-भाजीत कपात. रुग्णालये दोन प्रकारची होती. काही धर्मादाय, ती देणग्यांवर, लोकांकडून जमवलेल्या निधीवर आणि रुग्णांच्या पैशांवर कशीबशी चालत. काही नगरपालिकांची; त्यांतील बरीच जुन्या अनाथ-अपंगगृहांतून निघालेली. डॉक्टर आपली प्रॅक्टिस दुकानासारखी विकत आणि विकत घेत. त्यामुळे डॉक्टर सुखवस्तू वस्त्यांत दाटीने बसत आणि खाणींच्या गावांत त्यांची वानवा असे. महायुद्धात बॉम्बहल्ल्यांतील जखमींसाठी सरकारने रुग्णालयांची सूत्रे हाती घेतली तेव्हा ही विस्कळित आणि विषम स्थिती सर्वांच्या नजरेस आली. डिसेंबर १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेव्हरिज अहवालाने सर्वांसाठी आरोग्य सेवा हा सामाजिक सुरक्षिततेचा पायाच मानला. १९४४ साली युद्धकालीन संयुक्त सरकारने तशा योजनेची श्वेतपत्रिकाही काढली. म्हणजे ही कल्पना एकट्या बेव्हन यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. तिला दिलेला आकार मात्र त्यांचा होता.

जुलै १९४५च्या निवडणुकीत मजूर पक्षाचा प्रचंड विजय झाला आणि पंतप्रधान ॲटली यांनी सत्तेचाळीस वर्षांच्या बेव्हन यांना आरोग्यमंत्री केले. मंत्रिमंडळात ते वयाने सर्वांत लहान होते आणि त्यापूर्वी त्यांनी कोणतेही मंत्रिपद सांभाळलेले नव्हते. त्यांनी घेतलेला पहिला मोठा निर्णय सहकाऱ्यांनाही धाडसी वाटला. धर्मादाय आणि नगरपालिकांची, अशी सर्व रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची करावयाची. हर्बर्ट मॉरिसन यांच्यासारख्या वजनदार मंत्र्यांनी नगरपालिकांची बाजू घेऊन विरोध केला. परंतु श्रीमंत शहराचे रुग्णालय चांगले आणि दरिद्री गावाचे वाईट, ही विषमता मोडायची तर सूत्रे एका हाती हवीत, हा बेव्हन यांचा युक्तिवाद ॲटली यांना पटला. इंग्लंड आणि वेल्समधील १,१४३ धर्मादाय आणि १,५४५ नगरपालिकांची रुग्णालये त्याप्रमाणे सरकारकडे आली. खर्चाचा मोठा वाटा सर्वसाधारण करांतून उचलण्याचे ठरले. विमा भरला की नाही, ऐपत आहे की नाही, असा कोणताही प्रश्न रुग्णालयाच्या दारात विचारला जाणार नव्हता. नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयकाचा कायदा झाला. हुजूर पक्षाने दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या वेळी त्याविरुद्ध मत दिले होते.

खरी लढाई मात्र डॉक्टरांशी झाली. आपण सरकारी नोकर होऊ, मंत्र्याच्या हुकुमावरून औषध द्यावे लागेल, अशी भीती त्यांच्या संघटनेने घेतली. फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतलेल्या मतदानात सुमारे ४० हजार डॉक्टरांनी कायद्याविरुद्ध कौल दिला; बाजूने पाच हजारही नव्हते. सेवा सुरू व्हायला पाच महिने उरले होते. या प्रसंगी बेव्हन यांच्या स्वभावाचा दुसरा पैलू दिसला. सभेत आग ओकणारा हा मनुष्य वाटाघाटीच्या टेबलावर थंड डोक्याचा होता. मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांना त्यांनी खासगी रुग्ण तपासण्याची आणि सरकारी रुग्णालयातच पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी काही खाटा ठेवण्याची मुभा दिली. तज्ज्ञांचे नेते लॉर्ड मोरान यांचे सहकार्य त्यांनी मिळवले. फॅमिली डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही, असे कायद्यातच नमूद करण्याचे आश्वासन त्यांनी एप्रिलमध्ये दिले. यादीवरील रुग्णांच्या संख्येवर त्यांचे मानधन ठरले. प्रॅक्टिसच्या खरेदी-विक्रीला मात्र बंदी झाली आणि तिच्या भरपाईसाठी ६ कोटी ६० लाख पौंडांची तरतूद झाली. डॉक्टरांची दाटी असलेल्या भागात नवा डॉक्टर येऊ न देण्याचा अधिकार एका समितीला मिळाला. विरोधाची धार बोथट झाली आणि ठरलेल्या दिवशी बहुसंख्य डॉक्टर सेवेत दाखल झालेले होते.

या तडजोडींची किंमत बेव्हन जाणून होते. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या खाटा म्हणजे राष्ट्राच्या रुग्णालयात ठेवलेली खासगी खिडकी होती आणि ती पुढे अनेक वर्षे वादाचे कारण ठरली. परंतु तडजोड कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा त्यांचा विवेक स्पष्ट होता. डॉक्टरला पैसे कसे द्यावेत, हा व्यवस्थेचा प्रश्न. तेथे ते वाकले. रुग्णाने उपचाराच्या वेळी पैसे द्यावेत का, हा तत्त्वाचा प्रश्न. तेथे वाकणे त्यांना मान्य नव्हते.

५ जुलै १९४८ रोजी मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम येथील पार्क रुग्णालयात बेव्हन यांच्या उपस्थितीत सेवेचा आरंभ झाला. तेथे तेरा वर्षांची एक मुलगी नव्या सेवेची पहिली रुग्ण ठरली. आदल्या दिवशीच्या सभेत त्यांनी हुजूर पक्षाबद्दल असभ्य म्हणावेत असे शब्द काढले आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले. त्यांच्या जिभेने त्यांचे नुकसान करण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. लोकांनी मात्र भाषणाकडे फारसे पाहिले नाही. ते दवाखान्यांकडे गेले. पहिल्या वर्षातच पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले आणि ऐंशी लाखांहून अधिक लोकांच्या दातांवर उपचार झाले. बाजारातून स्वस्त चष्मा उचलून वर्षानुवर्षे डोळे ताणणारे कारकून, दुखरे दात घेऊन दिवस काढणाऱ्या गृहिणी, दुखण्याबद्दल कधी कोणाला न सांगितलेल्या आया आणि आज्या यांची ती रांग होती. अंदाजापेक्षा खर्च वाढला तेव्हा टीकाकारांनी त्याला उधळपट्टी म्हटले. वस्तुतः ती पिढ्यान्‌पिढ्या साचलेली दुखणी होती. ती आधीही होतीच, फक्त सरकारच्या हिशेबात त्यांची नोंद नव्हती.

येथे आपण पुन्हा १९५१च्या एप्रिलपर्यंत येतो. बेव्हन तेव्हा आरोग्य खाते सोडून मजूरमंत्री झालेले होते. एक गोष्ट त्यांच्या विरुद्ध जाते आणि ती प्रांजळपणे सांगितली पाहिजे. औषधचिठ्ठीवर एक शिलिंग आकारण्याचा अधिकार सरकारला देणारी तरतूद १९४९ सालीच झाली होती आणि बेव्हन यांनी नाइलाजाने तिला संमती दिली होती. ती अमलात येऊ नये यासाठी ते झगडले आणि त्यांच्या काळात ती अमलात आलीही नाही. पण दार किलकिले झाले होते. १९५१ साली चष्मा आणि कवळी यांच्या रूपाने पाऊल आत आले. त्यांच्या राजीनाम्यामागील विचार असा मांडता येईल. उपचार विनामूल्य असणे हा केवळ औदार्याचा प्रश्न नाही. एकदा का रुग्णाने काहीतरी द्यावे हे मान्य केले, की किती द्यावे एवढाच वाद शिल्लक उरतो आणि त्या वादात प्रत्येक अडचणीतला अर्थमंत्री आकडा थोडा वर सरकवतो. पुढे अगदी गरिबांना सूट द्यावी लागते; सूट द्यायची म्हणजे ऐपतीची चौकशी आली. ज्या चौकशीविरुद्ध ते मंदीच्या काळात लढले, तीच दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहते.

घडलेही तसेच. १९५१च्या ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९५२ साली औषधचिठ्ठीवर शिलिंग बसला. बेव्हन यांच्याबरोबर राजीनामा देणारे हॅरल्ड विल्सन पुढे पंतप्रधान झाले. त्यांनी १९६५ साली ही आकारणी रद्द केली आणि १९६८ साली त्यांच्याच सरकारला ती पुन्हा आणावी लागली. बेव्हन यांच्या वेल्सने ती २००७ साली रद्द केली. उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनी मागाहून तोच मार्ग पत्करला. इंग्लंडमध्ये मात्र ती राहिली.

उधळपट्टीच्या आरोपाचा निकालही लागला. १९५३ साली हुजूर सरकारने अर्थशास्त्रज्ञ गिलबॉ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सेवा महाग आहे आणि तिला कात्री लावली पाहिजे असे समिती सांगेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. १९५६ साली आलेल्या अहवालाने ती फोल ठरवली. राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करता सेवेवरील खर्चाचे प्रमाण १९४९-५० मधील पावणेचार टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर आले होते. म्हणजे आरडाओरड वाढत्या खर्चाची चालली होती आणि प्रत्यक्षात प्रमाण घटत होते. नव्या रुग्णालयांवर सरकार फारच थोडा खर्च करते, असे उलट समितीनेच बजावले.

बेव्हन यांचे अखेरचे दशक वादळी गेले. पक्षात त्यांच्या नावाचा एक गट उभा राहिला, नेतेपदाच्या शर्यतीत गेट्स्केल यांनी त्यांना हरवले आणि अण्वस्त्रांच्या प्रश्नावर १९५७ साली बेव्हन यांनी घेतलेल्या भूमिकेने त्यांचे जवळचे अनुयायीही दुखावले. १९५९ साली ते पक्षाचे उपनेते झाले. ६ जुलै १९६० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आरोग्य सेवेला बारा वर्षे पूर्ण होऊन एक दिवस झाला होता.

ही सेवा त्यांच्यामागे टिकली, याचे कारण लोकांनी ती आपली मानली. मार्गारेट थॅचर यांनी कोळसा, वीज, टेलिफोन अशा कितीतरी क्षेत्रांतील सरकारी मक्तेदारीला हात घातला, पण आरोग्य सेवा विकायला काढण्याचे धाडस त्यांनाही झाले नाही. मात्र आडवाटा निघाल्या. १९८३ साली रुग्णालयांची साफसफाई, भोजन आणि धुलाई यांच्यासाठी निविदा मागवण्याची सक्ती झाली. १९९० च्या कायद्याने सेवेच्या अंतर्गतच खरेदीदार आणि विक्रेते निर्माण केले. १९९२ पासून खासगी भांडवलातून रुग्णालये बांधण्याची योजना आली आणि मजूर पक्षाच्या ब्लेअर सरकारने ती जोमाने राबवली. त्या इमारतींचे हप्ते रुग्णालये दशकानुदशके फेडत राहिली. २०१२च्या कायद्याने स्पर्धेला आणखी वाव दिला.

फळे काय मिळाली? केंब्रिजशायरमधील हिंचिंगब्रुक रुग्णालय २०१२ साली एका खासगी कंपनीकडे चालवावयास दिले गेले. रुग्णालय चालवण्याचा खासगी कार्यक्षमतेचा तो आदर्श ठरणार होता. २०१५च्या जानेवारीत, सरकारी तपासनीसांचा प्रतिकूल अहवाल येत असताना, कंपनीने अंग काढून घेतले आणि रुग्णालय सरकारच्या पदरी परत आले. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी कोसळली. लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅम भागातील दोन मोठी रुग्णालये अर्धवट राहिली. पहिले २०२२ साली आणि दुसरे २०२४ साली सुरू झाले. नव्या रुग्णालयांसाठी खासगी भांडवलाची ही योजना त्याच २०१८ साली हुजूर सरकारने बंद केली आणि निविदांची सक्तीही २०२२च्या कायद्याने त्याच पक्षाला मागे घ्यावी लागली. नफा होईल तोवर तो कंपनीचा आणि तोटा होईल तेव्हा जबाबदारी सरकारची, असा हा व्यवहार असतो. याचे कारण उघड आहे. कारखाना बंद करता येतो, पण रुग्णांनी भरलेले रुग्णालय कोणत्याही सरकारला बंद पडू देता येत नाही.

खासगीकरणाच्या समर्थकांचे म्हणणे सर्वस्वी खोडून काढण्यासारखे नाही. सरकारी सेवेत दिरंगाई असते, कागद फार हलतात, रांगा लांबतात. इंग्लंडमध्ये २०२३ साली उपचारांच्या प्रतीक्षायादीने ७७ लाखांचा आकडा गाठला होता; ही कोणालाही लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. परंतु रांग लांब झाली म्हणून रांगेतून पैसेवाल्यांना पुढे काढणे हा उपाय नव्हे. डॉक्टर तेवढेच आणि परिचारिका त्याच. खासगी दाराने पुढे गेलेल्या प्रत्येकामागे एक माणूस मागे ढकलला जातो. साउथ वेल्समधील खाणीच्या एका खेड्यात आयुष्यभर काम केलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक निष्कर्ष मांडला. जेथे आजार अधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते आणि बाजाराला जितका मोकळा वाव असेल तितकी ही विपरीतता वाढते, असा त्याचा आशय आहे. बेव्हन यांच्याच खोऱ्यांतून निघालेला हा निष्कर्ष वैद्यकविश्वात आज सर्वत्र परिचित आहे. सरकारी सेवेला आधी उपाशी ठेवायचे, ती अशक्त झाली की अकार्यक्षम म्हणायचे आणि मग इलाज म्हणून खासगीकरण सुचवायचे, ही रीत गिलबॉ समितीच्या काळापासून ओळखीची आहे.

या इतिहासाशी आपला संबंध दूरचा नाही. ब्रिटनमध्ये बेव्हन यांचा कायदा झाला त्याच १९४६ साली भारतात सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. भोर हे नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्यांच्या समितीने तितक्याच ठामपणे स्वीकारले होते. आज खेडोपाडी दिसणारे प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्याच अहवालाची देणगी. ब्रिटनच्या सेवेत पुढे भारतातून गेलेल्या हजारो डॉक्टरांनी, त्यांत मराठी डॉक्टरही आले, आयुष्ये वेचली. वेल्सच्या खाणींच्या गावांत जेथे जायला तेथील डॉक्टर नाखूष असत, तेथे त्यांनी दवाखाने चालवले. ब्रिटनने भोर यांचे तत्त्व अमलात आणले आणि आपण ते बव्हंशी अहवालात ठेवले, असे म्हटले तर फारसे चूक ठरू नये. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही खाली होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक रक्कम कुटुंबांनी आपल्या खिशातून भरली होती. त्या पैशांत शेत गहाण ठेवून काढलेला पैसा आहे, दागिने मोडून आलेला आहे आणि मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेलाही आहे.

बेव्हन यांच्या आयुष्याचा इत्यर्थ त्यामुळे ब्रिटनपुरता राहत नाही. आजारपण हा माणसाने केलेला गुन्हा नव्हे, म्हणून त्याचा दंड आजारी माणसाकडून वसूल करू नये, आणि ते वसूल न करणे ही दया नसून नागरिकाचा हक्क आहे, एवढी साधी गोष्ट एका खाण कामगाराच्या मुलाने कायद्यात उतरवली. ती उतरवण्यासाठी त्याने डॉक्टरांशी तडजोड केली, सहकाऱ्यांशी भांडण केले आणि अखेर चष्म्याच्या निम्म्या किमतीसाठी मंत्रिपद सोडले. त्या निम्म्या किमतीला क्षुल्लक म्हणणाऱ्यांचे हिशेब बिनचूक होते. फक्त ते हिशेब तिजोरीचे होते. बेव्हन दवाखान्याच्या दारातून आत जाणाऱ्या माणसाचा हिशेब करीत होते. सार्वजनिक रुग्णालयाच्या एखाद्या विभागाचे कंत्राट देण्याचा किंवा एखादी छोटी फी बसवण्याचा प्रस्ताव जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा यांपैकी कोणता हिशेब मांडला जात आहे, हे आपण आधी विचारले पाहिजे.